वाडा पडण्याआधी म्हाताऱ्यांना विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या गावातल्या जुन्या वाड्याचे सागवानी खांब मागच्या महिन्यात एक लाकूड व्यापारी मोजून गेला. वारस बाहेरगावी असतात. दर पावसाळ्याआधी छपराचे कवेलू (कौले) फेरायचे, पांढऱ्या मातीच्या भिंती लिंपायच्या, हा खर्च त्यांनी एकट्याने किती वर्षे सोसावा? त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही.

गाव आर्वी आणि आष्टीच्या मधले. कापसाच्या हंगामात लांबच्या बैलबंड्या रात्री या वाड्यापुढे सुटायच्या आणि पहाटे आर्वीच्या जिनाकडे निघायच्या. पुढे पुलगाव-आर्वी छोटी रेल्वेही बंद पडली. आता हे सांगणारी चार-पाच माणसे उरली आहेत.

त्यातल्या एक, नव्वदी ओलांडलेल्या आजी, माझ्या शेजारी राहतात. घरी विचारले तर त्या काही बोलत नाहीत. पोळ्याच्या दिवशी त्यांना हात धरून वाड्यात नेले, तर त्यांनी काठीने धान्य साठवायच्या पेवाचे तोंड कुठे होते ते बरोबर दाखवले. हे अंगण आपण वर्षानुवर्षे सारवले, पण ओसरीवर पाय ठेवायची आपल्याला मुभा नव्हती, हेही त्यांनी तिथेच सांगितले. त्या दिवशी त्या पहिल्यांदा ओसरीवर बसल्या. वाड्याचा इतिहास लिहायचा तर पाटलांच्या वंशावळीइतकीच ही गोष्टही त्यात हवी.

16 ऑगस्ट 1942 ला, नागपंचमीच्या दिवशी, आष्टीच्या पोलीस ठाण्यावर लोक चालून गेले, गोळीबार झाला. ते गाव आज आष्टी (शहीद) म्हणून ओळखले जाते. तिथे स्मारक आहे. पण त्या रात्री आजूबाजूच्या खेड्यांत काय झाले, कोण कुणाच्या घरात लपले, हे कुठल्या दगडावर कोरलेले नाही. ते फक्त म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे.

मातीचे घर टिकत नाही, असे गावात सगळे म्हणतात. आपल्याच जिल्ह्यात सेवाग्रामला 1936 पासूनच्या कुट्या उभ्या आहेत. माती, बांबू, कवेलूच आहे तिथेही, फक्त देखभाल होते. आमच्या वाड्यात कुणी महात्मा राहिला नाही, म्हणून सरकारी संरक्षणाची आशा धरून बसण्यात अर्थ नाही.

येत्या 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मी मागणी ठेवणार आहे: वारसांशी बोलून निदान ढेलज (दारातली देवडी) आणि ओसरी गावाने सांभाळावी, ग्रामपंचायतीच्या कर आकारणीच्या जुन्या वह्या रद्दीत जाऊ देऊ नयेत आणि हायस्कूलच्या पोरांनी म्हाताऱ्यांना वाड्यात नेऊन त्यांचे बोलणे मोबाइलवर भरून घ्यावे. इतर गावांनीही हे करावे. वाड्यात नेऊनच विचारा, घरी बसून त्यांना आठवत नाही.

व्यापारी दिवाळीनंतर पुन्हा येणार आहे. आजींनी मला पुन्हा एकदा तिकडे न्यायला सांगितले आहे.

आपला,
एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा