लॉडरच्या चर्चचे दप्तर वाचायला माणसे हवी आहेत

सप्रेम नमस्कार.

गिरगाव चौपाटीसमोरचे विल्सन कॉलेज ठाऊक नाही असा मुंबईकर विरळा. ते ज्यांच्या नावाचे, ते डॉ. जॉन विल्सन हे मिशनरी १८०४ मध्ये स्कॉटलंडमधल्या लॉडरला जन्मले. एडिंबराच्या दक्षिणेला, बॉर्डर्स भागातले हे छोटे गाव आणि भोवतालची शेतकरी-मेंढपाळांची पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला मुलूख. एडिंबरा परिसरातली आम्ही काही मराठी मंडळी इथल्या गावकऱ्यांबरोबर या पॅरिशच्या जुन्या नोंदी वाचून उतरवून काढत आहोत. काम वाढले आहे आणि हात कमी पडत आहेत.

लॉडरचे आजचे चर्च १६७३ चे, सर विल्यम ब्रूस यांच्या आराखड्याचे. क्रुसाच्या आकाराचे, चारही बाहू सारखे, मधोमध अष्टकोनी मनोरा. आधीचे चर्च थर्लस्टेन किल्ल्याजवळ होते. १४८२ मध्ये तिसऱ्या जेम्स राजाच्या मर्जीतल्या लोकांचा काटा काढायला सरदार तिथे जमले आणि मांजराच्या गळ्यात घंटा बांधण्याचे काम अँगसच्या अर्लने अंगावर घेतले, अशी दंतकथा आहे. त्या लोकांना लॉडरलाच फासावर लटकवले, हा मात्र इतिहास.

आमचा खरा जीव अडकलाय तो चोपड्यांत. स्कॉटलंडमध्ये सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी सुरू झाली १ जानेवारी १८५५ ला. त्याआधी सगळा भार चर्चवर, आणि लिहिणारा बहुधा गावचा शाळामास्तर. कुणी टापटिपीचा, कुणी आळशी. १७८३ मध्ये सरकारने प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर बसवला. १७९४ मध्ये तो उठेपर्यंत अनेकांनी मुलांची नावे घालणेच टाळले. मृत्यूच्या नोंदी तर त्याहून विरळ. अशा वेळी जमाखर्च कामाला येतो. शवपेटीवर पांघरायचे कापड चर्च भाड्याने देई आणि ते पैसे गरिबांच्या निधीत जमा होत. कापडाच्या भाड्याची ती एक ओळ हाच कित्येकदा एखाद्या माणसाच्या मरणाचा एकमेव पुरावा. बायकांच्या बाबतीत एक बरे आहे: इथे आईचे नाव बहुधा माहेरच्या आडनावाने लिहिलेले असते, त्यामुळे आजोळचा माग लागतो.

अशा जुन्या चोपड्या एडिंबराच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात जतन होतात. बाप्तिस्मा आणि लग्नांची सूची तयार आहे. पण कर्क सेशनची, म्हणजे पाद्री आणि वडीलधाऱ्या पंचांची, कार्यवृत्ते नुसत्या पानांच्या छायाचित्रांत आहेत. नाव टाकून काही शोधता येत नाही. कोणत्या विधवेला मदत दिली, कुणाला भर चर्चमध्ये सगळ्यांसमोर बसवून खडसावले, ते तिथे असते. आमच्या मते गाव कळतो तो याच पानांतून.

मोडी वाचणाऱ्यांना म्हणूनच खास विनंती. सलग जोडलेल्या अक्षरांची आणि संक्षेपांची तुम्हाला सवय आहे. इंग्रजीचे जुने वळण तुम्हाला लवकर साधेल. घरी बसून महिन्याला दोन पाने वाचलीत तरी पुष्कळ झाले.

दुसरी मदत महाराष्ट्रातूनच होऊ शकते. विल्सन पतिपत्नी १८२९ मध्ये मुंबईला आले आणि मराठी शिकायला बाणकोट-हर्णैला राहिले. मुंबईत मुलींच्या शाळा काढणाऱ्या मार्गारेट विल्सन १८३५ मध्ये तिथेच वारल्या. कोकणात, पुण्यात, मुंबईत कुठे जुने स्कॉटिश थडगे दिसले, तर शिलालेखाचा फोटो काढून पाठवा. दगडावर खडू किंवा पीठ चोळू नका, तिरप्या उन्हात अक्षरे आपोआप उठून दिसतात. मिशनऱ्यांच्या धर्मांतराच्या कामाविषयी आपल्याकडे दुमत आहे, ते असू द्या. नोंदी वाचायला एकमत लागत नाही.

पैशांचीही गरज आहे: छायाचित्रांच्या प्रती, चर्चच्या आवारातल्या झिजत चाललेल्या दगडांची नोंद, आणि शाळांसाठी एक छोटी पुस्तिका. पाच पौंडही चालतील. रोख घेत नाही, प्रत्येक देणगीची पावती मिळेल. वाचकांनी आपल्या निरोपात किती वेळ देता येईल आणि कोणती लिपी वाचता येते, एवढे कळवावे; पहिली पाने नमुन्यासह पाठवू.