सहलीच्या आखणीत जेवण आणि विसावाही असावा

महोदय,

सुट्टी लागली की साताऱ्याहून अनेक कुटुंबे खोपोलीजवळच्या, २०१३ साली सुरू झालेल्या इमॅजिकासारख्या मनोरंजन उद्यानांकडे निघतात. तिकिटांचा आणि गाडीचा विचार खूप आधी होतो. जेवणाचा मात्र सगळ्यांना एकदम भूक लागल्यावर. दुपारी एकच्या सुमारास उपाहारगृहांपुढे गर्दी उसळते, म्हणून बाराच्या आत किंवा दोननंतर जेवणे उत्तम. भरपेट जेवून लगेच गरगर फिरणाऱ्या वा उंचावरून झेपावणाऱ्या राइडमध्ये बसल्यास मळमळते, तेव्हा पुढचा तासभर सावलीत बसण्यासाठी किंवा बंदिस्त सभागृहातील खेळांसाठी राखावा. आजी-आजोबांना आणि लहानग्यांनाही तेवढाच विसावा मिळतो. बाहेरचे खाद्यपदार्थ अनेक उद्यानांत नेऊ देत नाहीत, त्यामुळे घरच्या दशम्या-चटणी खंबाटकीचा बोगदा ओलांडल्यावर वाटेतच खाऊन घ्याव्यात. तान्ह्या बाळाच्या आणि मधुमेही व्यक्तीच्या खाण्याबाबत मात्र आधीच फोन करून विचारावे.

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते गाडी चालवणाऱ्याकडे. दिवसभर उन्हात फिरून त्याच रात्री साताऱ्याला परतण्याचा हट्ट जिवावर बेतू शकतो. शक्य असेल त्यांनी ती रात्र पुण्यात नातेवाइकांकडे काढावी, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, सातारा