इंटरनेटच्या प्लॅनचा पूर्ण हिशेब आधी कागदावर द्या

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

दहावीचा निकाल लागून लातूर, नांदेड आणि छत्रपती संभाजीनगर येथे शिकवणीसाठी येणाऱ्या मुलांची खोल्यांची शोधाशोध सुरू झाली, की त्याच गल्ल्यांतील विजेच्या खांबांवर आणि झेरॉक्सच्या दुकानांच्या काचांवर घरगुती इंटरनेटच्या जाहिराती चिकटतात. 'दरमहा ४९९ पासून, अमर्याद इंटरनेट, जोडणी मोफत' असा त्यांचा साधारण मजकूर असतो. परभणीसारख्या शहरातही आता मुलांचा अभ्यास, महाडीबीटीचे अर्ज, बँकेचे व्यवहार आणि घरबसल्या केलेली नोकरी हे सगळे त्या एका तारेवर चालते. त्यामुळे कनेक्शन घ्यावे की नाही हा प्रश्न बहुतेक घरांत उरलेला नाही. प्रश्न एवढाच आहे की, त्यासाठी एकूण किती रुपये लागतील आणि त्या रुपयांत नेमके काय मिळेल, हे पैसे भरण्याआधी एका ठिकाणी लिहिलेले ग्राहकाला पाहायला मिळत नाही.

जाहिरातीतला आकडा बहुतेक वेळा करावाचून असतो. दूरसंचार सेवांवर १८ टक्के जीएसटी आहे, म्हणजे ५९९ रुपयांचा म्हणून सांगितलेला प्लॅन प्रत्यक्षात ७०६ रुपये ८२ पैशांना पडतो. 'जोडणी मोफत' या शब्दांशेजारी एक चांदणी असते आणि तिचा खुलासा पत्रकाच्या तळाशी, चष्मा लावूनही वाचायला कठीण अशा अक्षरांत केलेला असतो: सहा महिन्यांचे भाडे एकरकमी भरल्यास जोडणीचा खर्च माफ. वरच्या उदाहरणात ही रक्कम ४,२४० रुपये ९२ पैसे होते. पाचशे-सहाशे रुपयांचा अंदाज बांधून दुकानात गेलेल्या माणसाला सव्वाचार हजारांची तजवीज करावी लागते, आणि राउटरची अनामत असेल तर ती वेगळी. ती अनामत परत मिळणार की नाही, मिळणार असल्यास कशाच्या आधारे, आणि कनेक्शन सोडताना राउटर परत द्यायचा की तो आपलाच, हे विचारल्यावाचून कोणी सांगत नाही. सहा महिने संपल्यावर तोच दर राहील का, हेही नाही. ओटीटीच्या मनोरंजनाची यादी मात्र ठळक असते. माझ्या मते ती यादी हा पत्रकातला सर्वांत कमी उपयोगाचा भाग आहे, कारण ती सेवा टीव्हीवर चालेल की केवळ मोबाइलवर, आणि किती महिने चालेल, याचा तिच्यात पत्ताच नसतो. तरी सर्वांत रंगीत छपाई तिच्याच वाट्याला येते.

वेगाच्या बाबतीत घोळ अधिक आहे. '१०० एमबीपीएसपर्यंत' यातला 'पर्यंत' बोलताना गळून पडतो आणि कागदावर तेवढा राहतो. शिवाय एमबीपीएस म्हणजे सेकंदाला इतके मेगाबिट; फाइलचा आकार आपण मेगाबाइटमध्ये मोजतो आणि एका बाइटमध्ये आठ बिट असतात. म्हणून १०० एमबीपीएसचे कनेक्शन पूर्ण वेगाने चालले तरी सेकंदाला साडेबारा मेगाबाइट उतरतात, एक जीबीची फाइल यायला साधारण ८० सेकंद लागतात. घरोघरी येणारी फायबरची तार गल्लीत एका मूळ तंतूला फाटे फोडून आणलेली असते. प्रचलित जीपॉन तंत्रात एका तंतूवर सर्वसाधारणपणे ३२ किंवा ६४ घरे जोडली जातात आणि सुमारे अडीच गिगाबिटची क्षमता त्या सर्वांत वाटली जाते. यात फसवणूक काहीच नाही, जगभर असेच चालते. परंतु रात्री आठ ते अकरा या वेळेत, खोल्या-खोल्यांतली मुले एकाच वेळी व्हिडिओ लावून बसलेली असताना, सामान्यतः किती वेग मिळतो हा आकडा ग्राहकाला हवा असतो, आणि तो कोणी देत नाही.

त्यातही राउटरचा भाग वेगळा आहे. स्वस्त प्लॅनसोबत पुष्कळदा केवळ २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा राउटर बसवतात; तारेतून १०० एमबीपीएस येत असले तरी अशा वायफायवर मोबाइलला त्याच्या निम्मा वेग मिळाला तरी पुष्कळ. ५ गिगाहर्ट्झचा राउटर वेगवान खरा, पण त्याच्या लहरी भिंतींत लवकर अडतात, आणि आपल्याकडील जुन्या माळवदाच्या घरांतल्या हात-दीड हात जाडीच्या भिंतींपुढे तर त्यांचे काही चालत नाही. ओसरीत बसवलेला राउटर माजघरात पोहोचत नाही, आणि मग दुसऱ्या राउटरचा खर्च निघतो. जोडणीला आलेल्या मुलाने हे आधी सांगितले, तर ग्राहक तार आत ओढून घेईल.

'अमर्याद' या शब्दालाही मर्यादा असते. कित्येक प्लॅनमध्ये महिन्याला ३,३०० जीबी वापरानंतर वेग उतरवला जातो. ही मर्यादा घरगुती वापराला आड येत नाही: दिवसाला ११० जीबी पडतात, आणि चांगल्या प्रतीचा व्हिडिओ तासाला तीनेक जीबी घेतो असे धरले तरी छत्तीस तासांचा ऐवज होतो, जो चोवीस तासांच्या दिवसात एका पडद्यावर संपवणे कोणाला जमायचे नाही. अडचण येते ती कमी मर्यादेच्या स्वस्त प्लॅनमध्ये आणि तारेऐवजी गच्चीवरील ५जी अँटेनातून मिळणाऱ्या जोडणीत, जिची मर्यादा सहसा बरीच कमी ठेवलेली असते. चार मुलांनी मिळून घेतलेल्या खोलीत ती महिना संपायच्या आत संपते. त्यानंतर वेग २ एमबीपीएसवर आला, तर जी फाइल ८० सेकंदांत येत होती तिला तास उलटून जातो. म्हणून किती जीबीनंतर वेग उतरतो आणि उतरून किती होतो, हे दोन आकडे महिन्याच्या दराइतकेच महत्त्वाचे आहेत.

मराठवाड्यात आणखी एक बाब विचारावी लागते, जी मुंबई-पुण्याच्या जाहिरातींत कधी येणार नाही. वीज गेली की राउटर बंद पडतो हे सर्वांना कळते, म्हणून लोक त्याला इन्व्हर्टर जोडतात किंवा राउटरचा छोटा यूपीएस आणतात. पण काही स्थानिक जोडण्यांमध्ये खांबावरच्या डब्यातही विजेवर चालणारे यंत्र असते. पलीकडच्या गल्लीतली वीज गेली की आपल्या घरी दिवे असूनही इंटरनेट जाते. त्या डब्याला बॅटरी आहे का, आणि नाली खोदताना जेसीबीने तार तोडली तर किती दिवसांत जोडून मिळेल व बंद राहिलेल्या दिवसांचे भाडे वजा होईल का, ही चौकशी वेगाच्या चौकशीआधी करावी अशी आपल्याकडची स्थिती आहे.

हे सगळे विचारायचे कोणाला, हा पुढचा पेच. कंपनी मोठी असली तरी दारात येतो तो गल्लीतला केबलवाला किंवा तिचा स्थानिक भागीदार. तो माणूस बहुधा सज्जन असतो, रात्री नऊ वाजताही शिडी घेऊन येतो, आणि त्याच्याशी भांडायची कोणाची इच्छा नसते. परंतु पैसे रोख घेतले जातात, पावती मागितली तर वहीच्या पानावर रक्कम लिहून मिळते, आणि कनेक्शन घरमालकाच्या किंवा आधीच्या भाडेकरूच्या नावावर चालू राहते. कंपनीच्या नोंदीत आपले नावच नसेल, तर सेवा बंद पडल्यावर तक्रार कोण करणार? माझ्या परिचयातील एका कुटुंबाने वर्षाचे पैसे असेच भरले होते, आणि मध्येच भागीदार बदलल्यावर नव्याने आलेल्याला ते पैसे माहीत नव्हते. म्हणून जीएसटीचे छापील बिल, त्यावर स्वतःचे नाव आणि ग्राहक क्रमांक हे घेतल्याशिवाय रक्कम देऊ नये. निदान प्लॅनचा तपशील तरी त्याच माणसाकडून व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्यावा.

नियम मुळीच नाहीत असे म्हणता येणार नाही. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, वापराची मर्यादा असलेल्या प्लॅनमध्ये ती मर्यादा, तोपर्यंतचा वेग आणि नंतरचा वेग ग्राहकाला स्पष्ट सांगावा, तसेच वापर ठरावीक टप्प्यांवर पोहोचताच त्याला कळवावे, असे निर्देश २०१६ मध्येच दिलेले आहेत. ब्रॉडबँड म्हणवून घेण्यासाठीचा किमान वेगही २०२३ मध्ये ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएस करण्यात आला. मात्र हे निर्देश कंपनीच्या संकेतस्थळावर पाळले जातात आणि गल्लीतल्या पत्रकापर्यंत पोहोचता पोहोचता विरून जातात. अमेरिकेत १० एप्रिल २०२४ पासून मोठ्या कंपन्यांना आणि त्याच वर्षीच्या १० ऑक्टोबरपासून लहान कंपन्यांनाही प्रत्येक प्लॅनसोबत, विक्रीच्या जागीच, ठरावीक नमुन्याची चौकट दाखवणे बंधनकारक झाले. महिन्याचा दर, तो सुरुवातीपुरता असल्यास किती काळ, एकदाच आणि दरमहा लागणारे इतर आकार, मुदतीआधी सोडल्यास दंड, फाइल उतरण्याचा (डाउनलोड) व चढवण्याचा (अपलोड) सामान्यतः मिळणारा वेग, आणि दरात किती डेटा, हे त्या चौकटीत असते. आपल्याकडे पाच रुपयांच्या बिस्किटपुड्यावर सर्व करांसह कमाल किंमत छापणे कायद्याने लागते. वर्षाला आठ-दहा हजार रुपये घेणाऱ्या सेवेला तेवढाही नियम जड होऊ नये. ट्रायने अशी चौकट मराठीसह प्रादेशिक भाषांत सक्तीची करावी आणि पैसे जो घेतो त्यानेच ती द्यावी, मग तो कंपनीचा नोकर असो की केबलवाला.

तोवर ज्यांची अडवणूक झाली आहे त्यांच्यासाठी मार्ग आहे. पहिली तक्रार कंपनीच्या तक्रार केंद्रात करून तक्रार क्रमांक घ्यावा. २०१२ च्या नियमांनुसार तेथे समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते. पुष्कळ लोक सरळ ट्रायला पत्र लिहितात आणि उत्तराची वाट पाहतात. वैयक्तिक तक्रारी सोडवणे हे ट्रायचे कामच नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. दूरसंचाराच्या तक्रारी ग्राहक न्यायालयात चालत नाहीत, हे अजूनही काउंटरवर ऐकवले जाते, पण सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये त्या चालतात असा निर्वाळा दिला आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातच दाद मागता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. अट एकच, हाती बिल असले पाहिजे.

शेवटी एक विनंती आपल्यालाच. ही पत्रके आमच्या घरी बहुतांशी वृत्तपत्राच्या घडीतून येतात आणि अशा जाहिराती अंकाच्या पानांवरही असतात. इंटरनेटच्या प्लॅनची जाहिरात स्वीकारताना, करासह एकूण रक्कम आणि वेग उतरण्याची मर्यादा हे दोन आकडे मूळ दराएवढ्याच मोठ्या अक्षरांत छापण्याची अट आपण घालावी. त्यासाठी कोणत्याही निर्देशाची वाट पाहावी लागणार नाही. पुढील महिन्याच्या जाहिरातींपासून ते करता येईल.

आपला,
एक नियमित वाचक, परभणी