आरसीवर माझे नाव लागेपर्यंत सोबत राहिलेल्या ताईंना

ठाणे, जून २०२४

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

१४ मे रोजी स्पीड पोस्टाने गाडीच्या आरसीचे, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्राचे, नवे कार्ड घरी आले. मालकाच्या रकान्यात माझे नाव वाचले आणि पहिला फोन तुम्हाला केला. "अहो, त्यात काय, माझे कामच आहे ते," असे म्हणून तुम्ही नेहमीप्रमाणे दोन मिनिटांत विषय संपवलात. पण ते तुमचे काम नव्हते. २९ फेब्रुवारीला मी कंपनी सोडली, आणि त्यानंतरचे अडीच महिने ज्याच्या कागदांसाठी तुम्ही फोन करत राहिलात, तो तुमच्या कंपनीचा कर्मचारीही उरला नव्हता. फोनवर जे मला सांगता आले नाही ते म्हणून लिहून सांगतो आहे. उघडपणे लिहिण्याचे कारण असे की, ऐरोलीपासून महापेपर्यंतच्या कितीतरी कार्यालयांत कंपनीच्या लीज योजनेतील, म्हणजे लीज कंपनीच्या मालकीची आणि पगारातून हप्ते कापून वापरायला मिळणारी, गाडी वापरणारे लोक आहेत, आणि त्या प्रत्येकाच्या ॲडमिन विभागात तुमच्यासारखी व्यक्ती असेलच असे नाही.

ही गाडी ऑक्टोबर २०२० मध्ये माझ्याकडे आली. लोकल सर्वसामान्य प्रवाशांसाठी बंद होती, घोडबंदर रोडवरून ऐरोलीला पोहोचण्याचे दुसरे भरवशाचे साधन नव्हते, आणि योजनेचा अर्ज तुम्हीच माझ्याकडून भरून घेतला होता. ४८ महिन्यांचा करार, दरमहा पगारातून २२,४०० रुपयांची कपात, आणि इंजिन १.६ लिटरच्या आतले असल्याने प्राप्तिकरासाठी महिन्याला १,८०० रुपये एवढेच गाडीच्या सुविधेचे मूल्य म्हणून माझ्या करपात्र पगारात धरले जाणार, एवढे मला त्या दिवशी समजले होते. बाकी मी समजून घेतले नाही. कळव्याचा पूल, पावसाळ्यात विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली साचणारे पाणी, ठाणे-बेलापूर रस्त्यावरची संध्याकाळ, हे सगळे या गाडीने माझ्यासोबत सोसले, आणि साडेतीन वर्षांत ती मला इतकी आपली वाटू लागली की, आरसीवर लीज कंपनीचे नाव आहे ही गोष्ट मनातून निघूनच गेली होती.

जानेवारीत राजीनामा देऊन मी तुमच्या टेबलापाशी आलो, तेव्हा तुम्ही तीन मार्ग सांगितलेत. गाडी परत करायची, नव्या कंपनीत लीज वर्ग करून घ्यायचे, किंवा करार मुदतीआधी बंद करून गाडी विकत घ्यायची. नव्या कंपनीत अशी योजना नसल्याने दुसरा मार्ग आपोआप मिटला. उरलेल्या दोहोंपैकी गाडी परत करणे तुमच्यासाठी सर्वांत सोपे होते. एक अर्ज, एक पाहणी आणि चावी जमा. तरीही तुम्ही विचारलेत, "गाडी ठेवायची आहे का, एवढे आधी सांगा. मग बाकीचे पाहू." मला ती ठेवायची होती. आईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे आणि या गाडीच्या पुढच्या सीटवर तिला कुणाचा हात न धरता बसता-उठता येते. शिवाय गाडीची प्रत्येक सर्व्हिसिंग मी स्वतः उभे राहून करून घेतली होती. त्याच पैशांत बाजारातून दुसऱ्याने वापरलेली गाडी घेतली असती, तर तिच्याबद्दल मला यातले काहीच ठाऊक नसते.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात लीज कंपनीचे कोटेशन आले. कर आणि करार लवकर बंद करण्याचे शुल्क बाजूला ठेवले, तर त्यात दोन रकमा होत्या. उरलेल्या हप्त्यांचे १,७९,२०० रुपये आणि मुदतीअखेरचे ठरलेले मूल्य, ज्याला सगळे रेसिड्युअल म्हणतात, ते २,३०,००० रुपये. एकूण ४,०९,२०० रुपये. रक्कम माझ्या अंदाजापेक्षा मोठी होती, पण छापील कागदावर आहे म्हणजे बरोबरच असणार, असे धरून मी होकाराची ईमेल लिहायला घेतली होती. ती पाठवण्याआधी केवळ तुम्हाला कळवावे म्हणून कोटेशन पुढे पाठवले, आणि अर्ध्या तासात तुमचा फोन आला की, काहीही मान्य करू नका, मूळ करार घेऊन खाली या.

त्या दुपारी तुम्ही करार आणि कोटेशन शेजारी शेजारी ठेवून, फूटपट्टी लावून एकेक ओळ वाचली होती. हप्ते आठ धरले होते. तुम्ही बोटांवर महिने मोजून दाखवलेत की, ऑक्टोबर २०२० पासून फेब्रुवारी २०२४ पर्यंत एक्केचाळीस हप्ते होतात, म्हणून उरतात ते सातच. फेब्रुवारीची कपात त्यांच्या नोंदीत चढण्याआधीच कोटेशन तयार झाले होते. दुसरी गोष्ट मला स्वतःहून कधीही सापडली नसती. २२,४०० रुपयांच्या हप्त्याचे करारात दोन भाग होते. १७,९०० रुपये गाडीच्या किमतीपोटी आणि ४,५०० रुपये विमा व देखभालीपोटी. "करार मार्चमध्ये बंद होणार, तर एप्रिल ते सप्टेंबरची सर्व्हिसिंग कोण करणार आहे? जी सेवा मिळणारच नाही तिचे पैसे का द्यायचे?" असे तुम्ही विचारलेत आणि करारातले त्याबद्दलचे कलम पेन्सिलने खूण करून माझ्यासमोर ठेवलेत. मग तुम्हीच हिशेब मांडलात. सात हप्ते, प्रत्येकी १७,९०० रुपये, म्हणजे १,२५,३००. त्यात २,३०,००० मिळवले की ३,५५,३००. पहिल्या आकड्यापेक्षा ५३,९०० रुपये कमी, आणि तेवढ्या रकमेवरचा कर वाचला तो वेगळाच.

सुधारित कोटेशन चार दिवसांत आले. लीज कंपनीच्या माणसांनी मुद्दाम काही केले असे मला वाटत नाही, त्यांच्या संगणकाने पूर्ण हप्ता गुणून दिला होता. परंतु हप्त्याचे हे दोन भाग योजनेत शिरतानाच प्रत्येकाला एका वेगळ्या कागदावर दाखवले पाहिजेत, हे माझे ठाम मत झाले आहे. माझ्या जागी दुसरा कोणी असता आणि तुमच्या जागीही दुसरे कोणी असते, तर ते पैसे गेले असते आणि गेल्याचे कळलेही नसते.

प्राप्तिकराचा प्रश्नही तुम्हीच उपस्थित केलात. कंपनीने आपल्या मालकीची गाडी कर्मचाऱ्याला विकली, तर मूळ किमतीतून प्रत्येक पूर्ण वर्षाला घटत्या शिलकीवर २० टक्के वजा करून येणारे मूल्य धरले जाते आणि कर्मचाऱ्याने त्याहून कमी पैसे दिले असतील तर तो फरक त्याच्या पगारात मिळवला जातो. माझी गाडी ९,२०,००० रुपयांची, पूर्ण वर्षे तीन, म्हणजे ते मूल्य ४,७१,०४० रुपये आले असते. आपल्या बाबतीत मालक लीज कंपनी होती आणि विक्री तिच्याकडून थेट मला होणार होती, त्यामुळे हा फरक फॉर्म १२बीएमध्ये, म्हणजे कंपनीकडून मिळालेल्या सुविधांच्या मूल्याच्या विवरणपत्रात, दाखवला जाणार की नाही, हे लेखा विभागाकडून नोकरी सुटण्याआधी लेखी घ्या, असा आग्रह तुम्ही धरलात. ते पत्र मला माझ्या शेवटच्या दिवशी मिळाले. त्याच दिवशी, कागदपत्रे पूर्ण होईपर्यंत गाडी माझ्याकडे राहण्यास हरकत नसल्याचे लीज कंपनीचे पत्रही तुम्ही माझ्या हातात दिलेत. त्याची गरज मला सुचलीही नव्हती.

पैसे भरल्यावर काम संपले असे मी समजत होतो. आरसी नीट वाचून तुम्ही दाखवलेत की तिच्यावर एका बँकेचा बोजाही नोंदलेला आहे, कारण लीज कंपनीने ही गाडी स्वतः कर्ज काढून घेतली होती. तो उतरवण्यासाठी फॉर्म ३५ आणि बँकेचा ना-हरकत दाखला हवा होता. त्यासाठी पूर्ण मार्च गेला. या काळात तुम्ही दिलेला एक सल्ला मी आता भेटेल त्याला सांगतो. विक्रीपत्रावर तारीख बँकेचा दाखला हाती आल्यावरच पडू द्यावी, कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते, आणि ती मुदत विक्रीच्या दिवसापासून धावू लागते. दाखला ८ एप्रिलला आला आणि विक्रीपत्र त्याच दिवशीचे झाले.

चेसिस नंबरचा छाप घेण्याची दुपार माझ्या कायम लक्षात राहील. मी मालकी हस्तांतरणाचे फॉर्म २९ आणि ३० घेऊन ऐरोलीला आलो होतो, तुम्ही जेवणाच्या सुट्टीत तळघरातल्या पार्किंगमध्ये उतरलात, आणि फॉर्मवर छापच नाही हे पाहताच पर्समधून एक मऊ पेन्सिल काढलीत. मला बॉनेट उघडायला सांगितलेत. इंजिनामागच्या पत्र्यावर कोरलेल्या अंकांवरची धूळ आधी रुमालाने पुसलीत, त्यावर कागदाची पातळ पट्टी घट्ट धरायला लावलीत आणि पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने फिरवत राहिलात. राखाडी रंगातून एकेक अक्षर पांढरे उमटत गेले. तिसरा अंक पुसट आला म्हणून तुम्ही ती पट्टी फेकून दुसरी घेतलीत. तुमच्या ओढणीला काळा डाग पडला तो मी पाहिला, तुम्ही पाहिला नाहीत. मग फॉर्म उजेडात धरून तुम्ही म्हणालात की दुसऱ्या प्रतीवर लीज कंपनीची सही आहे पण शिक्का नाही, आणि एवढ्यासाठी खिडकीवरून परत पाठवतील. तो शिक्का मारून आणायला आणखी चार दिवस लागले.

ऑनलाइन अर्ज करताना ओटीपी जुन्या मालकाच्या मोबाइलवर, म्हणजे लीज कंपनीच्या दुसऱ्या शहरातील कार्यालयात जात होता. दोन वेळा तो वेळेत मिळाला नाही. १५ एप्रिलला सकाळी अकरा वाजता तुम्ही तिथल्या माणसाला फोनवर धरून ठेवलेत, मला दुसऱ्या फोनवर घेतलेत आणि अंक वाचून दाखवलेत. त्याआधी गाडीवर द्रुतगती मार्गावरची दोन ई-चलने थकलेली असल्याचेही तुमच्यामुळेच उघड झाले. त्यांचे संदेशही त्याच क्रमांकावर जात होते आणि मला त्यांचा पत्ता नव्हता. ती मी त्याच रात्री भरली. फास्टॅग बंद करून माझ्या नावाचा नवा घेणे त्या मानाने सोपे गेले.

विम्याबद्दल मी तुमच्याशी थोडा वाद घातला होता, त्याबद्दल क्षमा मागतो. एकही दावा न केल्याने पॉलिसीवर ३५ टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याच्या हप्त्यातली सवलत, जमला होता आणि तो माझ्या काळजीपूर्वक चालवण्यामुळे जमला, तेव्हा तो माझाच, असे मी धरून बसलो होतो. बोनस गाडीचा नसतो आणि चालवणाऱ्याचाही नसतो, तो पॉलिसीधारकाचा असतो, हे तुम्ही शांतपणे समजावलेत. पॉलिसीधारक लीज कंपनी होती. त्यामुळे पॉलिसी माझ्या नावावर करताना उरलेल्या महिन्यांपुरती ती सवलत मला भरून द्यावी लागली. ते मला आजही थोडे खटकते, पण नियम तसा आहे, आणि हस्तांतरणानंतर १४ दिवसांच्या आत विमा कंपनीला अर्ज करायचा असतो हे तुम्ही तारखेसह लिहून दिले नसते, तर मी रागाच्या भरात तो अर्जही लांबवला असता.

तुम्ही दिलेली हिरवी फाइल माझ्याकडे आहे. तिच्या पहिल्या पानावर तुमच्या अक्षरात कागदांची यादी आहे आणि प्रत्येक कागदापुढे तो कोणाकडून, किती प्रतींत आणि कशानंतर घ्यायचा हे लिहिले आहे. आपल्या मजल्यावरच्या दोघांच्या गाड्यांची मुदत या दिवाळीच्या आधी संपते आहे; त्यांना मी त्या पानाची झेरॉक्स दिली आहे आणि शंका आल्यास आधी मला विचारा, ताईंच्या जेवणाच्या सुट्टीत जाऊ नका, असे सांगितले आहे. मूळ पान मात्र माझ्याजवळ राहू द्यावे, ही विनंती.

गेल्या रविवारी आईला घेऊन उपवनला गेलो होतो. तिने गाडीत बसल्यावर विचारले, "आता ही आपली झाली ना रे? कोणी न्यायला येणार नाही ना?" तिच्या मनात ही भीती इतके महिने होती हे मला तेव्हा कळले. मी तिला कार्ड दाखवले. तिने चष्मा लावून माझे नाव वाचले आणि तुमचे नाव विचारून घेतले. तुम्हाला घरी जेवायला बोलावण्याचा तिचा आग्रह आहे; कोणता रविवार सोयीचा ते कळवा, मी घ्यायला येईन.

आपला कृतज्ञ,
तुमचा एकेकाळचा सहकारी
घोडबंदर रोड, ठाणे