नाव मागे घेणार नाही

सातारा, ५ जानेवारी

चि. मधुरा हिस अनेक आशीर्वाद.

ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी इथे भरणाऱ्या धावण्याच्या शर्यतीतून मी नाव काढावं, असं काल तू फोनवर म्हणालीस. तू फोन ठेवलास आणि आईने लगेच विचारलं, "मग, नाव काढताय का?" नाही काढत. फोनवर तू बोलायला लागलीस की माझं निम्मं सांगायचं राहून जातं, म्हणून हे लिहितोय.

मुलांच्या नावाने गोळा होणारे पैसे त्यांच्यापर्यंत पोचतील का, ह्या तुझ्या शंका रास्त आहेत. तुला ठाऊक नाहीत अशा आणखी दोन मीच सांगतो. पोवई नाक्यावरच्या फ्लेक्सवर मुलांपेक्षा पुढाऱ्यांचे चेहरे जास्त आहेत, ते तू फोटोत पाहिलंसच. "ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी" हे ठळक अक्षरांत आहे, पण त्या मुलांपर्यंत किती पैसे जाणार ह्याबद्दल अवाक्षर नाही. ६०० रुपये फी भरायला मी क्यूआर कोड स्कॅन केला, तर नाव उमटलं ते इव्हेंट भरवणाऱ्या एजन्सीचं. ज्या न्यासासाठी ही शर्यत आहे, त्याचं नाही. ही पहिली. 

दुसरी अशी की न्यासाचा नोंदणी क्रमांक खाली बारीक अक्षरांत होता, म्हणून सहायक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जाऊन न्यासाच्या नोंदीचा, म्हणजे परिशिष्ट एकचा, उतारा काढला. (आई म्हणाली, रिटायर झालात तरी कचेरी सुटत नाही.) त्यावरच्या विश्वस्तांपैकी एकजण केव्हाच वारलेत, त्यांच्या दहाव्याला मी गेलो होतो. म्हणजे विश्वस्त बदलल्याचा चेंज रिपोर्ट दिलेला नाही, नाहीतर मंजुरीविना पडून आहे. ह्यावरून कोणी चोर ठरत नाही. आमच्या संस्थेचे असे कागद घेऊन मीच खेटे घालायचो, ते किती रेंगाळतात मला माहीत आहे. ऑडिट रिपोर्ट मात्र वेळच्या वेळी गेलेले दिसले, आणि मुलांच्या गाडीभाड्याचा खर्च त्यात दिसतो. ही जमेची बाजू.

मग त्या एजन्सीच्या पोराला भेटलो. तुझ्याच वयाचा आहे. फीतून उरतं किती, असं सरळ विचारलं. टी-शर्ट, पदक, धावण्याची वेळ मोजायची चिप, मांडव, अँब्युलन्स, पोहे, केळी असं सगळं मोजून दाखवलंन आणि म्हणाला, "काका, फीतून काही उरत नाही. प्रायोजकांकडून येईल ते देणार." म्हटलं, मग हेच फ्लेक्सवर लिही. तेवढं काही लिहिलं नाही त्याने.

धावण्याचा धंदा करायला माझी हरकत नाही. मुंबई मॅरेथॉन २००४ पासून प्रोकॅम ही खासगी कंपनी भरवते, ते कोणी लपवत नाही. देणग्यांचं काम युनायटेड वे मुंबई ही संस्था वेगळं बघते, आणि तू कोणत्या संस्थेला दिलेस ते तुला कळतं. फी वेगळी, देणगी वेगळी. आपल्याकडच्यांनी दोन्हींची खिचडी केली आहे, माझं भांडण तेवढंच. म्हणून ६०० रुपये मी टी-शर्टाचे आणि पोह्यांचे समजून भरले आणि देणगीचा चेक न्यासाच्या नावाने, रेघा मारून, साखरशाळा, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या मुलांची शाळा, चालवणाऱ्या बाईंच्या हातात दिला. पावती घेतली.

तू म्हणालीस, "बाबा, तुमच्यासारखा माणूस दिसला की लोक डोळे झाकून पैसे देतात." हे मात्र मला लागलं, कारण ते खरं आहे. फिरायला येणाऱ्या आमच्या ग्रुपात सगळे माझ्या तोंडाकडे बघतात. म्हणून स्वागत समितीत नाव घालू दिलं नाही, फोटो दिला नाही, कोणाकडेही देणगी मागितली नाही. ज्यांनी विचारलं त्यांना क्यूआर कोडची गोष्ट जशीच्या तशी सांगितली. दोघांनी नावं काढली, बाकीच्यांनी नाही. ज्याची त्याची मर्जी.

मग चेक दिल्यावर धावायचंच कशाला, हा तुझा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर त्या बाईंनी दिलं. मी त्यांना हे सगळं ऐकवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "किती मिळतील मला माहीत नाही. पण हंगाम चालू असताना गावातलं कोणी आमच्याकडे फिरकत नाही, त्या दिवशी मुलं रस्त्याच्या कडेला उभी असतात आणि लोक त्यांना बघतात."

तू लहान असताना साखर कारखान्याच्या रस्त्याला आपण ऊसतोड्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, बघायचो, आठवतं? बीडकडून दिवाळीच्या सुमाराला टोळ्या येतात, गुढीपाडव्यापर्यंत, कधी त्याच्याही पुढे राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, मुकादमाकडून घेतलेली आगाऊ उचल आधीच खर्चलेली. पहाटे आई-बाप फडात गेले की आठ-नऊ वर्षांची पोरगी कडेवर धाकटं घेऊन कोपी राखते. गावाकडच्या शाळेच्या हजेरीपटावर तिचं नाव असतं आणि ती असते इथे. परत जाते तेव्हा वर्ष संपत आलेलं असतं. अशा पोरींना गोळा करून चार अक्षरं शिकवणारी शाळा कोणत्याही पुढाऱ्याच्या मालकीची नाही. फ्लेक्सवर त्याचा फोटो आहे म्हणून मी तिच्याकडे पाठ का फिरवू?

शिवाय एक व्यवहाराची गोष्ट आहे. भाग घेतलेल्यांच्या वतीने जमाखर्च मागणारं पत्र मी लिहून ठेवलंय. कार्यक्रम झाल्यावर महिन्याभराने देणार, एक प्रत एजन्सीला, एक विश्वस्तांना. बाहेरच्या माणसाला ते दारातूनच वाटेला लावतील, शर्यतीचा बिब नंबर छातीवर लावलेल्याला निदान बसा म्हणावं लागेल. मार्च अखेरपर्यंत हिशेब आला नाही, तर पुढच्या वर्षी मी नाही, आणि ग्रुपातही तसं उघड सांगेन.

गुडघ्याची काळजी करू नकोस. पाच किलोमीटरच आहे, राजवाड्यापर्यंत जाऊन परत यायचं. चढ आला की चालणार. यवतेश्वरच्या घाटात पळणाऱ्यांची बरोबरी करायचं माझं वय नाही, हे आईने मला पुरेसं ऐकवलंय.

तुला द्यायचेच असतील तर न्यासाचा खाते क्रमांक सोबत लिहिलाय, त्यावरच पाठव. २,००० च्या वर रोख देऊ नको, देणगीच्या करसवलतीत धरत नाहीत. तू नवी करप्रणाली घेतली आहेस, तुला त्या सवलतीचा उपयोग नाही हे मला माहीत आहे. तरी पावती माग, आणि मे संपला की देणगीचं प्रमाणपत्रही माग. मागणारे असले की द्यायची सवय लागते त्यांना.

जावईबापूंना नमस्कार सांग. आईने कंदी पेढे पाठवायला घेतलेत, पत्ता तोच आहे ना ते कळव.

तुझा,
बाबा