बाळाच्या कागदांत आईचा ताप

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

पोळा झाला की छोटीला बाळंतपणाला घरी आणणार, असं बाबा फोनवर म्हणाले. सातवा सरत आलेला, त्यात पहिलटकरीण, आणि दिवस भरणार दिवाळीच्या आसपास. म्हणजे बांध्यांमध्ये धान लोंबीवर येतं आणि आपल्याकडे हिवताप जोर धरतो, नेमके तेच दिवस. फोनवरचं अर्धं बोलणं रेंजमध्येच हरवतं, म्हणून सगळं लिहून पाठवते आहे. हा कागद तिच्या माता-बाल कार्डातच ठेवा.

आई, तू म्हणशील, आम्ही याच गावात बाळंत झालो, आम्हाला कुठे काय झालं? त्याला कारण आहे. गावात राहून पुन्हा पुन्हा डास चावले, ताप येऊन गेला, की अंगात थोडीफार प्रतिकारशक्ती तयार होते. छोटी लग्नानंतर पुण्याला राहिली, आणि ही ताकद शहरात काही वर्षांत ओसरते. शिवाय खेप पहिली. राज्यात हिवतापाचा फार मोठा भार आपल्या गडचिरोली जिल्ह्यावर आहे आणि त्यात फॅल्सीपेरमच, म्हणजे हिवतापाच्या जंतूची जास्त घातक जात, फार. या फॅल्सीपेरमने धरलेल्या तांबड्या पेशी वारेला चिकटून बसतात. त्यांची ही चिकटण्याची तऱ्हा खास वारेपुरती असते, त्यामुळे पहिल्या खेपेला शरीराला तिची ओळखच नसते. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेपर्यंत तिच्याविरुद्ध काही तयारी झालेली असते. जंतू वारेत साचले की बाळाकडे जाणारं पोषण आणि प्राणवायू कमी पडतात. बाळ अडीच किलोच्या आत भरतं, लवकर जन्मतं, कधी पोटातच जातं. आईचं रक्त उतरतं ते वेगळंच.

या चिकटण्याचा आणखी एक त्रास म्हणजे, जंतू वारेत दडून बसलेले असताना बोटाच्या रक्तात फार थोडे सापडतात. म्हणून ताप, थंडी, अंगदुखी, उलटी यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी आशाताईंकडून किटवर तपासणी करून घ्या आणि काचपट्टीही (काचेवर रक्ताचा थेंब घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात ती) करायला सांगा. दोन्ही निगेटिव्ह आल्या आणि ताप हटला नाही, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. किटवरची रेघ पंधरा-वीस मिनिटांनी पाहायची. पुसट असली तरी ती पॉझिटिव्हच. किटवरच्या ‘सी’ या खुणेसमोर रेघच उमटली नाही तर ते किट वाया गेलं, दुसरं घ्यायचं. उपचार झाल्यावर फॅल्सीपेरमची रेघ काही आठवडे येतच राहते, कारण किट जंतूचं प्रथिन ओळखतं, आणि जंतू मेला तरी ते रक्तात मागे राहतं. तेव्हा औषध लागू पडलं की नाही हे काचपट्टीवरून ठरवायचं. नुसती किटची रेघ पाहून कुणी दुसऱ्यांदा औषध देऊ लागलं तर आधी डॉक्टरांना विचारा. कधी ताप अजिबात नसतो, नुसता थकवा आणि उतरत चाललेलं हिमोग्लोबिन. ते 11 च्या खाली गेलं तर लोहाच्या गोळ्या वाढवण्याआधी हिवताप आणि सिकलसेल (तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार), दोन्ही बघायला सांगा.

औषध दवाखान्यातूनच घ्यायचं, पण काय चाललंय हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिते. व्हायव्हॅक्स (हिवतापाच्या जंतूची दुसरी जात) निघाला तर क्लोरोक्विन: पहिल्या दिवशी 4 गोळ्या, दुसऱ्या दिवशी 4, तिसऱ्या दिवशी 2. गरोदरपणात ते चालतं. फॅल्सीपेरम निघाला तर चौथ्या महिन्यापासून पुढे तीन दिवसांचं एसीटी, म्हणजे आर्टेमिसिनिन गटातलं औषध दुसऱ्या औषधाच्या जोडीने. पाकिटात आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिन असेल तर सहा डोस असतात. पहिल्यानंतर दुसरा आठ तासांनी, मग सकाळ-संध्याकाळ, आणि प्रत्येक वेळी पोटात तेलातुपाचं काहीतरी हवं. त्याशिवाय औषध नीट अंगात शिरत नाही. पाकिटात एसपीची (सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन) गोळी असेल आणि तिला फॉलिक अॅसिडची 5 मिलिग्रॅमची मोठी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना सांगा, कारण तिने एसपीचा जोर कमी होतो. सरकारी लोहाच्या गोळीतलं अर्धा मिलिग्रॅम फॉलिक अॅसिड चालतं. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात उलटी झाली तर तोच डोस पुन्हा. दुसऱ्या दिवशी ताप उतरला म्हणून उरलेल्या गोळ्या डब्यात जायला नकोत.

प्रायमाक्विन मात्र पोटुशीला अजिबात नको. पोटातल्या बाळाला जी-सिक्स-पीडीची (तांबड्या पेशींना जपणाऱ्या एका विकराची) कमतरता आहे की नाही हे कळायला मार्ग नसतो, आणि ती असली तर त्याच्या तांबड्या पेशी फुटतात. म्हणूनच व्हायव्हॅक्स पुन्हा उलटू शकतो: यकृतात झोपलेल्या जंतूंवरचं औषध बाळंतपण होईपर्यंत थांबवावं लागतं. पुढे तिला ते कधी द्यायचं हे अंगावर पिणाऱ्या बाळाचा विचार करून डॉक्टर ठरवतील.

अंधारी, बडबड, झटके, लघवी काळसर, श्वास चढलेला, पोटात पाणीही टिकत नाही, यांतलं एक जरी दिसलं तरी 102 किंवा 108. रात्र असली तरी सकाळपर्यंत थांबायचं नाही. गावात सलाईन लावणाऱ्याकडे एक बाटली चढवून बघू, हा विचार मनात आणू नका. फॅल्सीपेरममध्ये गरोदर बाईची साखर एकाएकी खाली येते आणि मग ती गुंगीत आहे की झोपली आहे हे घरच्यांना समजत नाही.

आता बाळाचं. हे मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे.

आईच्या रक्तातले जंतू वारेतून, बहुतेकदा बाळंतपणाच्या वेळी, बाळाच्या रक्तात जाऊ शकतात. असं रोज होत नाही, पण आईला शेवटच्या महिन्यात ताप आला असेल तर धरून चालायचं. बाळ जन्मताना चांगलं असतं. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती जंतूंना काही काळ दाबून ठेवते, त्यामुळे लक्षणं पुष्कळदा दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात दिसतात: ताप, दूध न ओढणं, किरकिर किंवा उलट मलूलपणा, तळहात पांढुरके, कावीळ, पानथरी (प्लीहा) वाढून फुगलेलं पोट. जंतुसंसर्गाने आजारी पडलेलं बाळ हुबेहूब असंच दिसतं. दवाखान्यात अँटिबायोटिक सुरू होतं, आणि ते योग्यच आहे. पण बाळ मच्छरदाणीतच होतं म्हटलं की काचपट्टीचं कुणाच्या ध्यानात येत नाही. डास चावलाच नाही तर हिवताप कसा, असंच कुणालाही वाटतं.

म्हणून छोटीला गरोदरपणात कधीही ताप आला तर तारीख, कोणती तपासणी, काय निघालं, कोणती गोळी, किती दिवस, एवढं कार्डाच्या मागे लिहायचं. बाळंतपणाला गेल्यावर ते आधी सिस्टरला दाखवायचं, आणि बाळाचा वेगळा कागद झाला की त्यावरही उतरवून घ्यायचं. शेवटच्या महिन्यात हिवताप निघाला असेल तर पहिल्या आठवड्यातच बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन काचपट्टी करायला सांगा. नाळेच्या रक्तात आईचं रक्त मिसळलेलं असू शकतं, त्यामुळे तेवढ्यावर भागत नाही.

दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येतात. नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायची ही रीत आपल्याच जिल्ह्यात, शोधग्रामच्या बंग दांपत्याच्या कामातून उभी राहिली. त्यांतल्या 14, 21, 28 या तीन भेटी हिवतापासाठी फार मोलाच्या. त्या दिवशी बाळ झोपलंय म्हणून त्यांना ओसरीवरून परत पाठवू नका. काखेतलं तापमान 99.5 च्या वर आलं तर दुपट्याचे थर काढा, शेगडी बाजूला करा, अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. बाळंतिणीच्या बंद खोलीत शेकामुळे बाळ नुसतंच तापलेलं असू शकतं. तरीही 99.5 च्या वर असेल, किंवा बाळ दूध ओढत नसेल, तर मोजत बसू नका, निघा. महिन्याच्या आतल्या बाळाला घरी तापाचं औषध पाजायचं नाही.

बाळाला हिवताप निघालाच तर औषध वजनावर असतं आणि भरती करूनच देतात. आईकडून आलेल्या व्हायव्हॅक्सचे जंतू बाळाच्या यकृतात झोपत नाहीत, ते थेट रक्तात आलेले असतात, म्हणून त्याला प्रायमाक्विन लागतच नाही. कुणी लिहून दिलं तर विचारा. अंगावरचं दूध चालूच ठेवा. दुधातून हिवताप जात नाही.

बाबा, तुमच्याकडे दोन कामं. फवारणीवाले आले की माजघर आणि तिची खोली आतून फवारून घ्या, आणि मग अडीच-तीन महिने त्या भिंती सारवू नका. दिवाळीचं सारवण आणि रंग या वर्षी बाहेरच्या बाजूलाच करा. दुसरं, आरोग्य खात्याकडून मिळालेली औषधी मच्छरदाणी मोठ्या बाजेवर बांधा, कडा गादीखाली खोचा, आणि बाळ आईजवळ त्यातच झोपवा. बाजारातली छत्रीची छोटी जाळी दिसायला छान, पण खाली फट राहते आणि तिला औषध नसतं. औषधी जाळी साध्या साबणाने धुवून सावलीत वाळवायची, उन्हात टाकली की औषध जातं. कडुनिंबाची धुरी बाळाच्या खोलीत नको. डास घटकाभर पळतात, बाळाची छाती मात्र भरते. आणि डास गटारातला नाही, बोडीच्या (छोट्या तळ्याच्या) आणि नाल्याच्या कडेला थबकलेल्या स्वच्छ पाण्यातला आहे, तेव्हा अंगणात पावडर मारून काही होत नाही.

नाल्याला पूर आला तर पलीकडे जाता येत नाही, म्हणून पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) माहेरघरात, म्हणजे बाळंतपणाआधी जाऊन राहायच्या खोलीत, जागा आहे का हे आशाताईंना आत्ताच विचारून ठेवा. छोटी आली की पहिल्या तपासणीत हिमोग्लोबिन किती आलं तो आकडा आणि सिकलसेलचा रिपोर्ट मला व्हॉट्सअॅपवर पाठवा. कार्डाच्या मागच्या बाजूचाही फोटो काढा.

तुमची,
मोठी