भाताच्या कुकरातलं मटण

सोलापूर,
रविवार, रात्री

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर मी हसलो त्याचा राग धरू नकोस. “अण्णा, मटण चपलेसारखं झालंय” हे तू असं रडवेल्या आवाजात सांगितलंस की हसू आवरेना. नंतर आईची बोलणी मलाच बसली. पोराला शिट्टीचा कुकर द्यायचा सोडून विजेवरचं भाताचं डबडं का दिलं, म्हणून. तुझ्या रूमवर गॅसला परवानगी नाही हे तिला चार वेळा सांगून झालंय.

म्हणून आज विजापूर वेशीतून अर्धा किलो मटण आणलं आणि माळ्यावरचा आपला कुकर काढला. आहेरात आलेला. भाकरीच्या घरात भाताच्या कुकरला कोण विचारतो, गोधड्यांच्या शेजारी पडून होता बिचारा. आधी तळ उघडून बघितला. यंत्रमागाच्या मोटारी बांधण्यात हयात गेली, उघडल्याशिवाय मला चैन पडत नाही.

आत मधोमध स्प्रिंगवर बसलेलं गोल बोंड आहे, त्यात चुंबक. भांड्यात पाणी आहे तोवर तळ १०० अंशांच्या आसपासच राहतो. पाणी आटलं, तळ त्याच्या जरा पुढं तापला, की चुंबकाची पकड सुटते आणि खटका टक् करून वर येतो. एवढीच त्याची अक्कल. पाणी संपलेलं त्याला कळतं, मांस शिजलेलं कळत नाही. तू खटका पडला म्हणून झाकण काढलंस, तिथंच फसलास.

दुसरं, शिट्टीच्या कुकरात वाफ कोंडते म्हणून आतलं तापमान १२० अंशांपर्यंत जातं. इथं वाफ मोकळी सुटते, १०० च्या वर काही सरकत नाही. त्यामुळं बोकडाचे चिवट धागे सुटायला वेळच द्यावा लागतो. मला आज पावणेदोन तास लागले. तुकडे बारीक करून घेतले होते. हळद, मीठ, आलं-लसूण आणि चमचाभर कच्च्या पपईचा कीस लावून तासभर ठेवलं, मग बुडेल एवढं गरम पाणी. मधे दोनदा पाणी घातलं, तेही उकळतंच. गार घातलं की सगळी उकळी बसते. भांडं काठोकाठ भरू नकोस, फेस झाकणातून बाहेर येतो. आमच्या ओट्यावर आला. आईनं तो मलाच पुसायला लावला.

फोडणीचा नाद सोड. नुसतं तेल टाकलं की तळ भसकन तापतो आणि खटका पडतो. परत दाबला तर बसत नाही, चार-पाच मिनिटं निवू द्यावा लागतो. हट्टानं बोटानं धरून ठेवलास तर कुकर जळेल. म्हणजे आपल्यासारखी लाल तर्री त्यात येणार नाही, हे आधीच मान्य कर. आईनं काळा मसाला आणि भाजून कुटलेलं सुकं खोबरं बांधून दिलंय. मटण मऊ झालं की ते घाल आणि पंधरा मिनिटं उकळू दे. वाटणाचा कच्चा वास तरी राहणार नाही.

खरं सांगू का, मटण नंतर कर. आधी खिमा कर, अर्ध्या तासात होतो. नाहीतर कोंबडी. हाडासकट लहान तुकडे चाळीस मिनिटांत शिजतात. तरी एक तुकडा हाडापाशी फोडून बघ, गुलाबी दिसलं तर अजून ठेव. तांदूळ-कोंबडी एकत्र करणार असशील तर पाणी थोडं कमी घे, कोंबडी स्वतःचं पाणी सोडते.

रात्री उरलेला रस्सा बंद कुकरात तसाच ठेवत जाऊ नकोस. ‘वॉर्म’चा दिवा जेवायला बसेपर्यंतच्या सोयीसाठी आहे, रस्सा ६० अंशांच्या खाली कोमट राहिला की नासायला लागतो. दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाक आणि सकाळी खळखळ उकळूनच खा. मागच्या महिन्यातली तुझी पोटदुखी मी विसरलेलो नाही.

आणि तो टेबलावरचा स्वस्तातला एक्स्टेंशन बोर्ड वापरू नकोस. सात-आठशे वॅटचा कुकर तीन-साडेतीन अँपिअर ओढतो, तो दोन तास चालणार. पिन सैल असली तर गरम होते. भिंतीतल्या सॉकेटला सरळ लाव, मधे एकदा पिनेला हात लावून बघ.

शेजारचा पोरगा उद्या पहाटे हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला येतोय, त्याच्याकडं पिशवी दिलीय. मसाला, खोबरं, शेंगाची चटणी आणि वीस कडक भाकरी. भाकरी रश्श्यात कुस्करून खा, पाववाल्याच्या दारात जाऊ नकोस. लाकडी उलथनंही टाकलंय. स्टीलच्या चमच्यानं त्या भांड्याचा लेप खरवडतोस, ते मी व्हिडिओ कॉलवर बघितलंय.

आजचं मटण आईला अळणी लागलं. दोनदा वाढून घेतलं मात्र.

तुझा,
अण्णा